'नक्कल' हा शब्द तेवढा मागे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत पियानो आणि पक्ष्यांवर लेख आला, मथळा होता 'पियानोवर पाखरांची नक्कल'. मी सावंतवाडीत मुलांना पियानो आणि कीबोर्ड शिकवते, मराठी पेपरात ऑलिव्हिए मेसियाँ या, पक्ष्यांची गाणी पियानोवर आणणाऱ्या फ्रेंच संगीतकाराचं नाव छापून आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे आधी खूप आनंद झाला. कात्रण काढून क्लासच्या भिंतीवर लावलं सुद्धा. पण संध्याकाळी नीट वाचलं तेव्हा तीन ठिकाणी अडखळले आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. लांब होणार आहे, आधीच सांगते, कापायचं असेल तर कापा पण मधला भाग कापू नका प्लीज.

पहिली गोष्ट छोटी आहे. लेखात नाइटिंगेलला बुलबुल म्हटलंय. आपल्याकडे ही चूक इतक्या वर्षांची आहे की कुणाला चूक वाटतच नाही, पण नाइटिंगेल वेगळा, बुलबुल वेगळा. नाइटिंगेल हा आपल्या दयाळच्या कुळातला पक्षी. दयाळ ज्याने उन्हाळ्यात पहाटे ऐकलाय, विजेच्या तारेवर बसून नुसता ओतत असतो, त्याला नाइटिंगेलच्या गाण्याची थोडी तरी कल्पना येईल. बुलबुलवरून अजिबात येणार नाही. हे एवढ्यासाठी लिहिलं की मेसियाँच्या बाबतीत कुठला पक्षी हा बारीक तपशील नाहीये, तीच मुख्य गोष्ट आहे. त्याच्या पानांवर सुरांच्या वर पक्ष्याचं नाव छापलेलं असतं, नाटकात पात्राचं नाव छापतात तसं.

आता मथळ्यातला शब्द, 'नक्कल'.

नक्कल म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादा मुलगा तोंडाने कोकीळ काढतो, पोपट काढतो, टाळ्या मिळतात. पाश्चात्त्य संगीतातही ते पूर्वापार आहे, बेथोव्हेनच्या 1808 च्या पास्टोरल सिंफनीत बासरी नाइटिंगेल होते, ओबो लावा पक्षी होतो आणि क्लॅरिनेट कोकीळ, ती जागा आली की लोक ओळखतात आणि खूश होतात, गोड आहे ते. फ्रान्समध्ये त्याच्याही आधी रामो आणि कूपरँ हे संगीतकार हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या वाद्यावर, पक्षी आणत होते. रॅव्हेलचा 'उदास पक्षी' नावाचा पियानोचा तुकडा आहे, 1906 साली तो लोकांपुढे पहिल्यांदा वाजला, त्यात एकच सूर दोनदा वाजतो आणि सगळं रान उन्हाने सुस्तावल्यासारखं होतं, तिथे मात्र नक्कल मागे पडून दुसरंच काहीतरी सुरू होतं असं मला वाटतं. मेसियाँ या सगळ्यांच्या पुढे गेला, आणि तो कुठे गेला हे पुस्तकातून मला कधीच कळलं नव्हतं, ते कळलं आंबोलीत.

झालं असं की गेल्या जुलैत आम्ही दोन दिवस आंबोलीला राहिलो होतो. आंबोलीत पावसाळ्यात शीळकरी कस्तुर गातो हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला माहिती असतं, काळानिळा पक्षी, ओढ्याकाठी, आणि शीळ अगदी माणसासारखी, एखादं पोर शाळेला निघालंय आणि पोचायची घाई नाही अशी. पहाटे साडेपाचला तो खोलीच्या मागच्या ओढ्यापाशी सुरू झाला. आधी दोन तीन सूर चाचपडत, मग वर, मग मधेच थांबला, मग जिथून सोडलं होतं तिथून नाही तर भलतीकडूनच परत धरलं. मी फोनवर चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं. ओढ्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा, पण शीळ त्याच्यातून आरपार येत होती.

घरी आल्यावर ते रेकॉर्डिंग अर्ध्या स्पीडला लावलं. स्पीड अर्धा केला की पट्टी आपोआप एक सप्तक खाली उतरते, आणि मगच पियानोवर हाताला येते. हे करावंच लागतं, कारण पियानोचा सगळ्यात वरचा सूर साधारण 4186 हर्ट्झला संपतो आणि पुष्कळ पक्षी त्याच्याही वर गातात. आमचा कस्तुर त्यातल्या त्यात खालच्या अंगाने गातो, जवळजवळ आपल्या शिळेच्याच पट्टीत, तरी वेग असा की साध्या कानाला सूर मोजता येत नाहीत. मेसियाँ हेच करायचा, फक्त त्याच्याकडे फोन नव्हता. पहाटे काळोखात वही पेन्सिल घेऊन शेताच्या बांधावर उभं राहायचं आणि कानाने ऐकून थेट स्टाफवर, म्हणजे सुरलेखनाच्या पाच ओळींवर, लिहून काढायचं, मग घरी बसून वेग कमी करायचा, एक दोन सप्तकं खाली आणायचं, पक्ष्याची जी बारीक अंतरं असतात, आपण श्रुती म्हणू, ती पियानोच्या बारा सुरांत बसतील इतकी ताणायची, आणि ताणताना सगळी एकाच प्रमाणात ताणायची म्हणजे गाण्याचा चेहरा बिघडत नाही. त्याच्या या वह्या आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

तर मीही लिहून काढलं. पहिले सहा सूर बसवायलाच एक तास गेला. आणि वाजवलं तर काय, काहीच नाही! सूर बरोबर, लय बरोबर, पण पक्षी नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सारेगम घेतेयस का. तिची काही चूक नव्हती, सारेगमच वाटत होतं ते.

मग तिसऱ्या सुरापाशी अडले. तो सूर कोमल गंधारही नव्हता आणि शुद्ध गंधारही नव्हता, मधेच कुठेतरी होता. हार्मोनियमवाल्यांना हे दुखणं माहितीये, पियानोवालीलाही तेच. कंटाळून मी दोन्ही गंधार एकदम दाबले, शुद्ध जरा जोरात आणि कोमल अगदी हलका, आणि मान वर करून बघितलं. त्या एका सुराला एकदम ओल आली. मग पुढच्या सुरावर पंचम लावून बघितला, दोन सप्तकं वर, ऐकू येईल न येईल इतका. मग पेडल दाबून धरलं. असं करत करत सहा सुरांखाली आणि सुरांवर प्रत्येकी तीन तीन चार चार सूर आले, जोर फक्त मूळ सुरावर. परत वाजवलं. आई बाहेर आली आणि म्हणाली, हा आत्ताचा पाण्याजवळचा वाटतोय.

संपादक महोदय, लेखात ज्याला हार्मोनिक कलर म्हटलंय आणि एका ओळीत सोडून दिलंय ती गोष्ट ही आहे. मेसियाँ पक्ष्याच्या सुरांना कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, लावतो ते गाण्याला साथ म्हणून लावत नाही. ती कॉर्ड म्हणजे पक्ष्याचा गळा. सूर कुठला आहे ते एका पट्टीत सांगता येतं, पण तो कुणाच्या गळ्यातून आलाय, घोगरा आहे की काचेसारखा, ओला आहे की कोरडा, कड्यावर आपटून आलाय की पानांतून गाळून, हे एका पट्टीत मावत नाही. त्याला तो प्रत्येक सुराला वेगळी कॉर्ड देतो. एका ओळीत पंचवीस सूर असतील तर पंचवीस कॉर्ड. बोटांची काय अवस्था होते ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक.

हे त्याला सुचलं कुठून याचं उत्तर माझ्या मते त्याच्या नोकरीत आहे. 1931 पासून 1992 मध्ये जाईपर्यंत, म्हणजे 61 वर्षं, तो पॅरिसच्या सेंत त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. आता चर्चच्या मोठ्या ऑर्गनला मिक्श्चर नावाचे स्टॉप, म्हणजे ओढायच्या खुंट्या, असतात. आपल्या कपलर हार्मोनियमवर कसं, एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप खाली जाते? मिक्श्चर हे त्याच्या पुढचं, एक पट्टी दाबली की वरचा षड्ज, वरचा पंचम, त्याच्याही वरचा षड्ज असे कितीतरी बारीक पाइप एकदम बोलतात, आणि ऐकणाऱ्याला सूर एकच ऐकू येतो, फक्त तो झळाळतो. मी मडगावला शिकायला जायचे तेव्हा आमच्या टीचरनी एकदा चर्चमध्ये नेऊन हे दाखवलं होतं, एकेक स्टॉप ओढून, आणि मला तेव्हा वाटलं होतं कुणीतरी खिडकी उघडली. ज्या माणसाने साठ वर्षं दर रविवारी हे केलं त्याच्या कानाला सूर आणि सुराचा रंग असे वेगळे तुकडे राहिलेच नसणार. तानपुरा लावणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. खर्जाची तार जुळली की तिच्यातून गंधार आपणहून ऐकू येतो, कुणी छेडलेला नसतो. मेसियाँने तर अशी एक कॉर्डच बांधली होती ज्यात एका खर्जातून निघणारे बहुतेक सगळे वरचे सूर एकदम वाजतात.

आता रंग. लेखात 'मेसियाँला सूर ऐकले की रंग दिसायचे' एवढंच आहे आणि ते वाचून वाटतं की काहीतरी आजार होता. तो स्वतः सांगायचा की हे डोळ्याला दिसत नाही, मनात दिसतं, पण अगदी नक्की दिसतं, आणि संगीत सरकलं की रंगही सरकतात. यात एक गंमत आहे ती सरगममध्ये सांगते म्हणजे घरात पेटी असेल त्याला करून बघता येईल. सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. आठ सूर. एक अर्धा सूर, एक पूर्ण, एक अर्धा, एक पूर्ण, असं चालत जातं. आता हाच साचा एक पट्टी वर सरकवा, वेगळे सूर येतील. अजून एक पट्टी सरकवा, परत वेगळे. तिसऱ्यांदा सरकवलं की बघा, तेच पहिले आठ सूर परत हातात! म्हणजे या साच्याच्या तीनच जागा आहेत, चौथी नाहीच. असे सात साचे त्याने मांडले, 1944 च्या आपल्या पुस्तकात सगळं लिहून ठेवलंय. आणि वरच्या या साच्याची पहिली जागा त्याला निळी जांभळी दिसायची, त्यात करडे ठिपके. याच साच्यातून कॉर्ड काढल्या की त्या कुठे जायला निघत नाहीत, सा ला परतायची घाई नसते त्यांना, जागच्या जागी फिरवल्यासारख्या चमकतात. रंगीत काचेच्या खिडकीतून ऊन येतं तसं. गोव्यातल्या चर्चमध्ये दुपारी चारला बसून बघावं.

या सगळ्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'कातालोग द्वाझो', पक्ष्यांची यादी म्हणू या, 1956 ते 58 मध्ये लिहिलेली, एकट्या पियानोसाठी तेरा रचना सात भागांत, सगळं सलग वाजवायचं तर पावणेतीन तासाच्या आसपास. 15 एप्रिल 1959 ला पॅरिसमध्ये इव्होन लोरिओने ते पहिल्यांदा पूर्ण वाजवलं, ती त्याची विद्यार्थिनी, पुढे 1961 मध्ये बायको. पक्ष्यांच्या जोडीने तिलाच अर्पण केलंय ते. यातली दुसरी रचना हळद्याची आहे, फ्रेंचमध्ये हळद्याला लोरिओच म्हणतात, उच्चारात तिचं आडनाव आणि पक्ष्याचं नाव एकच. जूनअखेरची सकाळ आहे, हळद्याच्या सुरांना त्याने जी कॉर्ड दिलीय ती ऐकताना मला खरंच पिवळं दिसतं, मला एरवी कुठल्याही संगीतात रंगबिंग दिसत नाहीत. अगदी शेवटी तर ऊन आणि गाणं कुठलं कुठलं ते वेगळं काढताच येत नाही. आमच्या मागच्या फणसावर हळद्या येतो तो त्यांच्या हळद्याचा सख्खा नाही, चुलत म्हणा, पण ओळख पटते.

तिसरी रचना ब्लू रॉक थ्रशची, भूमध्य समुद्राकाठच्या कड्यावर. हा तर आपलाही पाहुणा. हिवाळ्यात आपल्याकडे किल्ल्यांच्या तटावर, कातळावर एकटाच बसलेला दिसतो, पण गाणं बहुतेक तिकडेच ठेवून येतो. पियानोच्या खालच्या पट्ट्यांत लाटा, मधे कडा, आणि वर पक्ष्याचा प्रत्येक सूर कड्यावर आपटून येताना जसा फुटतो तसा फुटलेला. आणि सातवी, रीड वॉर्बलरची, अर्ध्या तासाची, मध्यरात्रीपासून दुसऱ्या रात्री तीन वाजेपर्यंतचं एक तळं. बेडूक, कमळं, सूर्य उगवतो, सूर्य मावळतो. खरं सांगायचं तर ही मला पहिल्या चार वेळा संपता संपेना, पाचव्यांदा कुठे बसली. आणि शेवटची, तेरावी, लांब बाकदार चोचीच्या कर्ल्यूची, ब्रिटनीच्या टोकाला समुद्रात वेसाँ नावाचं बेट आहे तिथली. धुकं, दीपस्तंभाचा भोंगा पियानोच्या तळातून येतो आणि पक्ष्याची हाक वर चढत चढत जाते. हा कर्ल्यूही थंडीत आपल्या कोकणच्या खाड्यांवर उतरतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला ओहोटीला मी स्वतः पाहिलाय, चिखलात चोच पार मुळापर्यंत घालून. त्या दिवसापासून ती रचना मला परदेशी वाटत नाही.

बरोबर वाजतंय का, हुबेहूब आहे का, हा प्रश्न लेखकाने विचारलाय आणि त्याचं उत्तर 'नाही' असं देऊन विषय संपवलाय. मेसियाँ स्वतः म्हणायचा की मी अगदी खरं लिहिलंय. ते मलाही सरसकट पटत नाही. सप्तक खाली आणलं, वेग कमी केला, श्रुती ताणल्या, मग हुबेहूब कुठून असणार? पक्षी ओळखणाऱ्याला डोळे मिटून बसवलं तर पियानोवरचा वॉर्बलर तो ओळखेलच असं नाही. पण कुमार गंधर्वांचं माळव्यातलं लोकगीत काय माळव्यातल्या बाईच्या ओवीसारखं हुबेहूब वाटतं का? त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. जो ते ऐकायला स्वतः जागा राहिलाय, ज्याने ती जागा, ती वेळ, तो उजेड आपल्या हाताने परत बांधलाय, त्याच्या कामाला दुसरा शब्द शोधायला हवा. 2016 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या आल्डबरा फेस्टिव्हलमध्ये पिएर लोराँ एमार या पियानिस्टने हे तेराच्या तेरा तुकडे एका दिवसात वाजवले, पण सलग नाहीत, पहाटेचा पक्षी पहाटे, रात्रीचा रात्री. आपल्याकडे भैरव सकाळी आणि मारवा संध्याकाळी हे सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे कुणीतरी हे करून दाखवलं, आणि ते ऐकायला लोक पहाटे उठले.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. लेखात म्हटलंय की 'मेसियाँने दक्षिण भारतातल्या एका जुन्या ग्रंथातले ताल वापरले'. ग्रंथाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. अहो, तो ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर! तेरावं शतक. आणि तो लिहिला गेला देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारात, म्हणजे आपल्या दौलताबादला. शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरातून दख्खनमध्ये आले, वडील यादवांच्या चाकरीत, आणि हा माणूस देवगिरीला बसून सात अध्याय लिहून गेला. त्यातल्या तालाध्यायात 120 देशी ताल दिलेत. विसाव्या शतकात पॅरिसमध्ये एका संगीतकोशात ती यादी छापली गेली आणि तिथे ती तरुण मेसियाँच्या हाती लागली. तिने त्याचा जन्मभर पिच्छा सोडला नाही. त्याच्या तुरंगलीला सिंफनीचं नाव सुद्धा आपल्याच दोन शब्दांचं, तुरंग आणि लीला.

आणि हे ताल त्याने पक्ष्यांखालीच घातले. 1940 साली तो जर्मनांच्या हाती सापडला, गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशा चौघांसाठी रचना लिहिली, कारण वाजवणारे तेवढेच होते. 15 जानेवारी 1941 ला ती छावणीतच वाजली. पहिल्या भागात क्लॅरिनेट ब्लॅकबर्ड गातो, व्हायोलिन नाइटिंगेल, पहाटेचे पक्षी, आणि खाली पियानोवर जी लय चाललीय ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. तिन्ही शार्ङ्गदेवाच्या यादीतले. तीन ताल जोडून सतरा मात्रामूल्यांचं एक आवर्तन, आणि त्याच्यावर कॉर्डचं आवर्तन एकोणतीसचं. सतरा आणि एकोणतीस, दोघांना भाग जाणारा आकडा नाही. सम कधी येणार? 493 व्या कॉर्डनंतर. तो भाग तीन मिनिटांच्या आत संपतो, म्हणजे सम येतच नाही, ती पुढे कुठेतरी ऐकणाऱ्याच्या पलीकडे राहते. तबला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो कागद पेन घेऊनच बसला आणि गुणाकार करून मग मान हलवली.

बर्फात, तारेच्या कुंपणाआड, कैद्यांपुढे देवगिरीचा ताल वाजला आणि वर पाखरं बोलत होती. हे महाराष्ट्रातल्या पेपरात 'दक्षिण भारतातला एक ग्रंथ' म्हणून जावं याचं मला फार वाईट वाटलं.

अजून एक. त्याच संगीतरत्नाकराच्या पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव सांगतो की षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा. आणि लगेच पुढे सुरांचे रंग देतो, षड्ज कमळासारखा, गंधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद चित्रविचित्र ठिपक्यांचा. मेसियाँचे रंग आणि हे रंग एक आहेत असं मला म्हणायचं नाहीये, त्याचं त्याच्या डोळ्यांचं होतं आणि हे इथल्या परंपरेचं. पण सूर, पक्षी आणि रंग हे तिन्ही एका पानावर ठेवायला आपल्याकडच्या माणसाला काही वावगं वाटलं नव्हतं, जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी. आणि लेखाचं शेवटचं वाक्य काय तर 'आपल्याकडे असा विचार झालेला दिसत नाही'. लेखकाने मनापासून लिहिलंय हे कळतं, विषय निवडला त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण हे वाक्य राहायला नको होतं.

माझ्या पियानोत सध्या बल्ब पेटवून ठेवलाय, पावसात लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, कोकणात आणि गोव्यात सगळेच हे करतात. त्यामुळे कस्तुराचे ते सहा सूर आता गणपतीनंतरच पुढे सरकतील. पण पुढच्या रविवारी दुरुस्तीची चौकट छापणार असाल तर तीनच गोष्टी करा. नाइटिंगेलचा बुलबुल काढा, मथळ्यातला 'नक्कल' काढा, आणि ग्रंथाच्या नावापुढे गावाचं नाव घाला, देवगिरी.

आपली नियमित वाचक,
एक पियानो शिक्षिका, सावंतवाडी